पेपर झाल्यावर उघडू

मिल्या, तू हरलास. कॅसेटवाले जुने व्हिडिओ गेम परवडायचे की आताचे हे नवे, ही आपली पोरपणापासूनची भानगड. तिचा निकाल लागला आणि तू हरलास. हे तुला तोंडावर सांगायला पाहिजे होतं. राजापेठेतल्या आपल्या चहाच्या टपरीवर उभं राहून, आजूबाजूच्या ट्युशनच्या पोरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आणि तू "अबे जाय ना बे" म्हणत माझ्या पाठीत गुद्दा घालायला पाहिजे होतास. आता कोणाला सांगू, भिंतीला? जिंकल्याचा एवढा संताप मला उभ्या आयुष्यात आला नाही.

लिहायला बसलं की हात शाळेतली मराठी लिहितो बघ. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, "कावून बे, पुण्याले गेलता का?" जाऊ दे. बोलणं मात्र आपलं होतं तसंच ठेवतो.

सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. पुण्यानुमोदनाला एकेक जण उठला आणि म्हणाला, मिलिंद मनमिळाऊ होता, सगळ्यांच्या उपयोगी पडायचा. होतास. मी कुठं नाही म्हणतो? पण मी तुझा चुलतभाऊ, चार महिन्यांनी लहान, एका घरात वाढलेला, तुझ्या ताटातलं उचलून खाल्लेला. मला तुझ्यावर चिडायचा हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. छातीत दुखायला लागलं तर माणूस दवाखान्यात जातो. "गॅस झाला असन, सोडा पिऊन पडतो जरा" म्हणून दिवाणावर आडवा होत नाही. वहिनींनी मला तुझं हे वाक्य सांगितलं, तेव्हापासून सोड्याची बाटली दिसली की माझ्या तोंडून शिवी निघते.

आपलं पहिलं मशीन आठवतं? मोठेबाबांनी, तुझ्या वडिलांनी, तू चौथी पास झाल्यावर आणलं होतं. नाव तुझं, खेळलो दोघं. सोबत एक पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं की आत हजारो गेम आहेत. आत होते सात-आठ. तेच सात-आठ नावं बदलून फिरून फिरून यायचे, एकदा माणसाचा शर्ट निळा, एकदा लाल. तू भोकाड पसरलंस. मोठेबाबा ती कॅसेट घेऊन दुकानदाराशी भांडायला गेले, तर तो म्हणाला, "सायेब, हजार गेम खेळून पोट्टं पास कसं होईन?" मोठेबाबा हसत हसत परत आले. म्हणजे लबाडी तेव्हाही होती. हे मी आज मान्य करतो, तुझ्यासमोर मेलो असतो तरी केलं नसतं.

पण ती लबाडी घरात आली की आपली व्हायची. कॅसेट चालली नाही तर काढायची, फुंकर मारायची, सदऱ्याला पुसायची, परत खुपसायची. कंटाळा आला की दुकानात देऊन दुसरी आणायची. आपली रणगाड्यांची कॅसेट आत्याच्या पोरासोबत धामणगावला गेली आणि दिवाळीत परत आली, तेव्हा तुझ्या नावाखाली बॉलपेननं आणखी दोघांची नावं लिहिलेली होती. केवढा भांडलास तू त्याच्याशी! मग चिडून माझंही नाव लिहिलंस, सगळ्यात खाली, उरलेल्या जागेत बारीक अक्षरात.

रिमोटच्या वायरी आखूड होत्या. टीव्हीच्या पुढ्यात मांडीला मांडी लावून बसावं लागायचं आणि आतून मोठीआई ओरडायची, "डोये फुटतीन रे तुमचे, मांगं सरका!" मागं सरकलं की मशीनच ओढलं जायचं आणि कॅसेट हलून चित्राचे तुकडे व्हायचे. तुझं कोपर कायम माझ्या बरगडीत. एक नंबरचा रिमोट तू कधी सोडला नाहीस. दोन नंबरच्या रिमोटला गेम सुरू करायचं बटनच नव्हतं. म्हणजे तू सुरू केला तर मी खेळणार, नाहीतर बसलो तुझ्या तोंडाकडे पाहत.

आणि लाईट. उन्हाळ्यात भर दुपारी तू कधी नव्हे तो शेवटच्या फेरीला पोचला होतास, मी तर केव्हाच मेलो होतो आणि नुसता ओरडत होतो. गेली लाईट. कूलर बंद, पंखा बंद, टीव्हीवर एक ठिपका आणि मग तोही नाही. परत लाईट आल्यावर पहिल्यापासून सुरू, कारण तेव्हा सेव्ह नावाचा प्रकारच नव्हता. तू रिमोट फरशीवर आपटलास आणि म्हणालास, "असा गेम पाह्यजे ना बे, लाईट गेली तरी आपलं जिथचं तिथं राह्यलं पाह्यजे."

मिळाला की तुला तसा गेम. बियाण्याच्या कंपनीत लागलास, अकोल्याला जठारपेठेत फ्लॅट घेतलास, टीव्हीखाली ते काळं मशीन आणून ठेवलंस आणि मला मुद्दाम अमरावतीहून बोलावून दाखवलंस. ना कॅसेट, ना डबा. सगळं वर कुठंतरी ढगात.

"पाह्य," तू म्हणालास, "बाबाले एक कॅसेट घ्यायची तं दोन महिने इचार करा लागे. आता महिन्याचं भाडं भरलं का शेकडो गेम. एका पिक्चरच्या तिकिटात. कर हिशेब."

हिशेब तुझा बरोबर होता, तेच तर माझं दुखणं होतं. मी म्हणालो, "भाडं म्हंजे भाडंच लेका. भाड्याच्या घराले खिळा ठोकता येत नाही."

"तुले कायले खिळा ठोका लागते? राह्य ना गुमान."

मग तनूनं, तुझ्या पोरीनं, त्या गेममधल्या बाहुलीसाठी टोपी मागितली आणि तू खरे पैसे देऊन ती घेतलीस. मी तर कपाळच बडवलं. अरे, जी बाहुलीच नाही तिला टोपी! मोठेबाबा असते तर तुला त्याच टोपीत उन्हात उभं केलं असतं. तू शांतपणे म्हणालास, "आन् तू रोज पानठेल्यावर खर्रा घोटून घेते, थो काय तिजोरीत राह्यते?" वहिनी स्वयंपाकघरातून खो खो हसल्या. मला उत्तर सुचलं नाही. गाडीत बसल्यावर, मूर्तिजापूर गेल्यावर सुचलं, पण तेव्हा फोन करून सांगणं बरं दिसलं नसतं. आता ते उत्तर घेऊन मी काय करू? ठेवलंय तसंच. तंबाखूचा तो खर्रा मात्र सुटला नाही.

तू आणि तनू मिळून त्या गेममध्ये एक घर बांधत होतात. जागा घ्यायची, लाकडं तोडून आणायची, भिंती घालायच्या. ती तिसरीत असताना सुरू केलेलं काम दहावीपर्यंत चाललं होतं. जठारपेठेत तुमच्या दोन खोल्या, गॅलरीत कपडे वाळवले की माणूस उभा राहत नाही. आणि त्या घराला म्हणे दारापुढं बसायला वट्टा होता, आंब्याचं झाड होतं, तनूनं खोदलेली विहीर होती. मी म्हणायचो, पोरीला खरी विहीर दाखव ना बाबा, वावरात ने. तू म्हणायचास, "थे बी दाखवली. थे काही तिनं खोदली नाही." त्या गेममध्ये पाहुण्यालाही जाता येतं, पण घरमालक आत असेल तरच. मालक नसेल तर दार उघडत नाही. कोणाच्या डोक्यातून आलं असेल हे?

दिवाळीत तुम्ही आमच्याकडे आलात ते शेवटचं. चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन तू म्हणालास, "तुह्यासाठी खोली बांधली बे. आमच्या घरात."

"काय हाय तिच्यात?"

"आता नाही. पोट्टीची दहावी हाय, कुलूप लावलं म्या मशीनले. पेपर झाल्यावर उघडू."

तनूनं तोंड वाकडं केलं. मी तुझी बाजू घेतली, म्हणालो बरोबर आहे बापाचं. आपल्याकडे दहावीचं पोर घरात असलं की केबल तोडतात, पाहुणे बंद करतात, शेजाऱ्याच्या लग्नाच्या बँडवाल्याशी भांडतात. मोठेबाबांनी तरी काय केलं होतं? आपल्या परीक्षेत ते मशीनचा अडॅप्टर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकून पाटबंधारे खात्याच्या हापिसात घेऊन जायचे. त्यांना वाटायचं, झालं काम. तू टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर काढलास. पिन सैल बसायची, तर आगपेटीची काडी मोडून फटीत घातलीस. त्यांच्या स्कूटरचा आवाज येईपर्यंत आपण खेळायचो आणि मग पुस्तकात तोंड घालून बसायचो. तुझ्या बापाचं कुलूप आगपेटीच्या काडीनं उघडायचं रे. तू लावलेल्या कुलपाला काय लावू, सांग.

तू गेल्यावर तनू त्या मशीनपुढे बसली आणि आकडे टाकत राहिली. स्वतःचा वाढदिवस, वहिनींचा वाढदिवस, तुझ्या गाडीचा नंबर, आपल्या राजापेठेतल्या घराचा नंबर. चुकत गेली आणि शेवटी मशीननं सांगितलं की खातं बंद, आता मेलवर येणारा कोड टाका. मेल कोणता? हापिसचा. घरचा मेल जाहिरातींनी भरतो म्हणून तू सगळीकडे हापिसचा मेल देऊन ठेवायचास, केवढी हुशारी! तुझ्या हापिसनं तो मेल लगेच बंद केला. मी गेलो होतो विचारायला. तुझ्या टेबलावर दुसरा माणूस बसलेला. साहेब चांगला होता, चहा पाजला, तुझं कौतुक केलं आणि म्हणाला, "मेल उघडता येत नाही हो, नियम आहे."

मग गेमवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, फार सभ्य. अर्ध्या ओळीत तुझ्या जाण्याचं दुःख, आणि पुढं असं की खातं ज्याचं त्याचंच असतं, ते मुलीच्या किंवा बायकोच्या नावावर करता येत नाही. मृत्यूचा दाखला पाठवला तर ते कायमचं बंद करून देऊ, सगळ्या वस्तूंसह. वस्तू म्हणजे घर, आंबा, विहीर, ती टोपी. आपल्या रणगाड्यांच्या फुटक्या कॅसेटवर चार पोरांची नावं मावली होती, मिल्या. आणि तुझ्या या ढगात तुझ्या पोटच्या पोरीचं नाव मावत नाही. लाईट गेली तरी राहिलं पाहिजे म्हणत होतास ना? राहिलंय. सगळं जिथचं तिथं आहे. तूच तेवढा नाहीस आणि आम्ही बाहेर आहोत.

पुण्यानुमोदनानंतर वहिनींनी तुझ्या वस्तू काढल्या. शर्ट तुझ्या मेव्हण्याला, हेल्मेट वॉचमनला, घड्याळ तनूनं आधीच मनगटावर बांधलं होतं. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी थे मशीन घेऊन जा. तुमीच दोघं भांडत होते त्याच्यापायी." मी नको म्हणालो. तुझ्या खात्याशिवाय ते मशीन म्हणजे टीव्हीखालची वीट.

मग त्यांनी फोन दाखवला. तुझं कार्ड एकदा चाललं नव्हतं म्हणून तू गेमच्या भाड्याला त्यांचं कार्ड लावून ठेवलं होतंस. तू गेलास त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या फोनवर मेसेज, भाडं कटलं, वर्गणी चालू ठेवल्याबद्दल आभार. वहिनी म्हणाल्या, "बँकेत सांगून बंद करून टाकतो मी."

तनू आतल्या खोलीतून पळत आली. "बंद करायचं नाही. भाडं भरलं नाही का थे घर पुसून टाकतेत."

"कोन राह्यते त्या घरात?" वहिनी ओरडल्या. मी त्यांना असं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "वहिनी, चालू राहू द्या. दर महिन्याले मी देत जाईन."

"पैशाचं हाय का भाऊजी? थो मेसेज आला का मले वाटते, हे हायेत कुठीतरी, खेळून राहिले. जीव जाते माहा." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज येत राहिला. मी दोघींच्या मध्ये उभा, आणि या सगळ्याचा धनी तू, भिंतीवरच्या फोटोत हार घालून हसतोयस. त्या वेळी मला तो फोटो पालथा करावा वाटला, खरं सांगतो. शेवटी असं ठरलं की पेपर होईपर्यंत चालू ठेवायचं. पुढचं पुढे.

मी तनूला विचारलं, निदान माझ्या खोलीत काय आहे ते तरी सांग. तर म्हणाली, "बाबानं सांगितलं, पाहिल्याबगर सांगायचं नाही."

घरी येऊन माळ्यावरचं आपलं जुनं मशीन काढलं. कॅसेटला फुंकर मारली, टीव्हीला वायर जोडली आणि लेका, चालू झालं ते! रणगाडे आले, ते फालतू संगीत आलं. मी एक नंबरचा रिमोट घेतला, पहिल्यांदाच. दोन नंबरचा रणगाडा कोपऱ्यात उभा होता. गोळ्या येत होत्या आणि तो हलत नव्हता. मी बंद केलं. परवडतं म्हणून काय झालं, एकट्यानं काय खेळायचं त्यात? हेही तुझ्या बाजूनं जातं की माझ्या, मला कळत नाही. तूच ठरवलं असतंस, आणि अर्थातच आपल्या बाजूनं ठरवलं असतंस.

आज तनूचा शेवटचा पेपर होता. मी सुटी टाकली आणि सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेलो. सेंटरच्या फाटकाबाहेर सगळे बाप उभे होते, पाण्याच्या बाटल्या घेऊन. मी पण उभा राहिलो. तनू बाहेर आली, आधी बापांच्या त्या रांगेवरून नजर फिरवली आणि मग मला पाहिलं. "सोपा गेला," म्हणाली.

घरी आल्यावर तिनं दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि टीव्हीच्या पुढ्यात फरशीवर बसली. मशीन चालू केलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. टीव्हीवर तुझं नाव आलं, खाली कोडची रिकामी चौकट.

"काका, बसा ना," तनू म्हणाली. मी शेजारी बसलो. तिनं माझ्या हातात दुसरा रिमोट दिला. "पेपर झाले माहे. आता सांगू शकतो मी."

तिनं एकही बटन दाबलं नाही. चौकटीकडे पाहत बोलत राहिली. "पहिले वट्टा हाय. मंग दार. आतमधी गेलं का जिना. जिन्यानं वर चढलं का डाव्या हाताले तुमची खोली."

"काय हाय तिच्यात?"

"लय काही नाही. टीव्ही हाय, लहानसा. त्याच्या खाली दोन रिमोट. मी म्हटलं वायरी लांब करू, तं बाबा म्हणे नाही, इतक्याच असत." तिनं आपला रिमोट मांडीवर ठेवला. "आन् भिताडाले एक खिळा हाय."

"खिळा?"

"नुसता खिळा. टांगलं नाही काही. बाबा म्हणे, काका आला का त्याले पहिले थोच दाखवू."

मी तोंड फिरवलं. दारात वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. त्याच वेळी ओट्यावर त्यांचा फोन वाजला, एकदाच, मेसेजचा. त्या आत गेल्या, पाहिला, परत आल्या. बंद करायचं बोलल्या नाहीत.

"भाऊजी, कटले," म्हणाल्या.

"कटू द्या," मी म्हणालो.

तर असं आहे, मिल्या. आयुष्यभर तुझ्या भाड्याच्या खेळाला नावं ठेवली, आणि आता दर महिन्याला एका खिळ्याचं भाडं मी भरणार आहे. तू हरलास हे मी सोडत नाही. फक्त त्या खिळ्याला काय टांगायचं होतं, तेवढं सांगून जायला पाहिजे होतंस.